फळ आपले, मग कर्म कोणाचे?

मे महिना सरत आला की गंगापूर तालुक्यात कपाशीच्या बियाण्याची खरेदी सुरू होते. बीटी कपाशीच्या पाकिटाचा कमाल भाव २०१५ च्या केंद्रीय आदेशानुसार सरकार ठरवते, त्यामुळे कृषी सेवा केंद्राच्या मालकाला भावात चढाओढ करायला फारशी जागा उरत नाही. चढाओढ होते ती आश्वासनांची. अशा एका दुकानाची कल्पना करू. मालकाने गुगलवर जाहिरातीचे खाते उघडले आहे, आणि हंगामात ते सांभाळायला सवड नाही म्हणून त्या खात्याला एक एआय एजंट जोडून दिला आहे. हे काम आता अवघड राहिलेले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही पद्धत सर्वांसाठी खुली केली. भाषा-मॉडेलने बाहेरची साधने कशी वापरावीत, याची ती एक सामाईक रीत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुगलने आपल्या जाहिरात खात्यांसाठी असा जोड स्वतःच उपलब्ध करून दिला. तो सुरुवातीला फक्त आकडे वाचण्यापुरता होता, पण खात्यात बदल करू देणारे जोड बनवणेही प्रोग्रॅमरला कठीण नाही. मालक एकदा लॉगिन करून परवानगी देतो, बजेट सांगतो आणि एक वाक्य लिहितो: दुकानाला येणारे फोन वाढव, प्रत्येक फोनमागचा खर्च कमी कर. पुढचे सगळे एजंट करतो. तो मथळे लिहितो, कोणत्या मथळ्यावर फोन आले ते पाहतो, न चालणारे बंद करतो आणि चालणाऱ्यांच्या धर्तीवर नवे लिहितो. काही दिवसांत त्याच्या लक्षात येते की ‘खात्रीचे बियाणे’ या मथळ्यापेक्षा ‘एकरी १५ क्विंटल हमखास’ या मथळ्यावर फोन जास्त येतात. कोरडवाहू जमिनीत अशी हमी कोणालाही देता येत नाही. मालकाने ते वाक्य लिहिलेले नाही, सुचवलेले नाही, कदाचित पाहिलेलेही नाही. मग खोटे बोलले कोण?

हा प्रश्न कर्तृत्वाचा आहे, आणि कर्तृत्वाचा विचार या मुलखाला नवा नाही. गंगापूर तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे. कायगावच्या समोरच प्रवरा तिला मिळते, आणि प्रवरेच्या काठाने थोडे वर गेले की नेवासे लागते. तिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेवरची आपली टीका सांगितली. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. सगळे केवळ आपणच केले असे मानणाऱ्याला गीता तिथेच असमंजस ठरवते. यशात हे वचन कोणी आठवत नाही. फोन वाढले की मालक म्हणतो, मी वाढवले. तक्रार आली की मात्र पाचही कारणे एकदम आठवतात आणि बोट करणाकडे वळते, म्हणजे साधनाकडे: एजंटने केले. गीतेची ही मांडणी कर्त्याचा अहंकार उतरवण्यासाठी आहे. तिचा उपयोग कर्त्याला यादीतून वगळण्यासाठी करता येत नाही, कारण पाच कारणांत कर्ता आणि करण ही दोन वेगळी नावे आहेत आणि दोन्ही तिथे हजर आहेत. मजेची नव्हे, गंभीरपणे घ्यायची गोष्ट अशी की गुगलच्या जाहिरात खात्यातही हा भेद नोंदला जातो. खात्यात झालेल्या बदलांचा इतिहास उघडला तर प्रत्येक बदलासमोर दोन गोष्टी मिळतात. एक, तो बदल कोणत्या वापरकर्त्याच्या ईमेलवरून झाला. दुसरी, तो कोणत्या मार्गाने झाला, म्हणजे संकेतस्थळावरून, मोबाइल ॲपवरून की प्रोग्रॅमच्या जोडातून. मालकाने आपल्या लॉगिनने एजंटला परवानगी दिली असेल, तर रात्री दोन वाजता एजंटने बदललेल्या मथळ्यासमोर ईमेल मालकाचाच असतो.

नोंदीत नाव आहे म्हणून नैतिक जबाबदारी सिद्ध होत नाही, हे कबूल. त्यासाठी प्रतिनिधीचा विचार करावा लागेल, आणि तो आपल्याकडे सर्वांत बारकाईने यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी केला आहे. यज्ञ हे मुळातच दुसऱ्याकडून करून घ्यायचे कर्म. यजमान दक्षिणा देऊन ऋत्विज नेमतो, मंत्र तेच म्हणतात, आहुती तेच देतात, आणि फळ मात्र यजमानाला मिळते. हे कसे? जैमिनीच्या सूत्रांत आणि शबराच्या भाष्यात याची चर्चा आहे. तिचा मथितार्थ असा की बाकीची कामे नेमलेल्या माणसांनी केली तरी चालतात, पण आपल्या द्रव्यावरचा हक्क सोडण्याची क्रिया, म्हणजे त्याग, यजमानानेच करायचा असतो. व्रत, उपवास, दीक्षा यांचे कष्टही त्याचेच. याच्या पुढे सहाव्या अध्यायात प्रश्न येतो की एखादी गोष्ट मिळाली नाही तर तिच्या जागी दुसरी चालेल का. द्रव्याच्या बाबतीत उत्तर होकारार्थी आहे: भात मिळाला नाही तर रानातला नीवार चालतो. देवता, अग्नी आणि मंत्र यांना मात्र पर्याय नाही, आणि पर्याय नसलेल्यांच्या याच यादीत यजमानही आहे, कारण फळ त्याचे आहे. अनेक यजमान मिळून करायच्या सत्रात एखादा मध्येच मरण पावला तर संख्या भरण्यासाठी दुसरा माणूस आणता येतो, पण तो स्वामी ठरत नाही, कामावर घेतलेला माणूसच राहतो, असा निवाडा मीमांसकांनी दिला. हे सगळे तांत्रिक वाटेल, पण त्यामागचा विचार आजच्या प्रश्नाला थेट लागू आहे. साधन बदलता येते, हात बदलता येतात. ज्याचा संकल्प आणि ज्याचे फळ, त्याची जागा दुसऱ्या कोणाला देता येत नाही. गोदावरीकाठच्या पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्याने हीच विद्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले आणि स्वतः मीमांसक होते. त्या सोहळ्यातही विधी पंडितांनी केले आणि राजा मात्र शिवाजी महाराजच झाले. राज्याचा भारही त्यांच्याच शिरावर आला.

इथे माझे म्हणणे स्पष्टपणे मांडतो. कर्म यंत्राकडे सोपवून फळ स्वतःकडे ठेवण्याचा हिशेब आपल्या कोणत्याही विचारपरंपरेत बसत नाही. एजंटला लक्ष्य देणे हेच मुख्य कर्म आहे, आणि ते मालकाने स्वतः केलेले असते. ‘फोन वाढव’ हे वाक्य लिहिताना त्याने संकल्प सोडला. त्या संकल्पात काय घातले आणि काय घालायचे राहू दिले, यावर पुढचे सगळे ठरले. खरे बोलण्याची अट त्यात नसेल तर ती एजंट आपणहून पाळेल, असे गृहीत धरायचा अधिकार मालकाला नाही. आजची चांगली मॉडेले उघड खोटे लिहायला बरेचदा नकार देतात, हे खरे आहे. पण ‘एकरी १५ क्विंटल’ खरे की खोटे, हे ठरवायला लागणारी माहिती, म्हणजे जमीन कोणती, पाणी किती, मागच्या वर्षी याच वाणाला बोंडे किती लागली, ही एजंटकडे नसते. ती मालकाकडे असते. ज्याला माहीत आहे त्याने गप्प राहायचे आणि ज्याला माहीत नाही त्याने बोलायचे, अशी ही व्यवस्था बनते, आणि तिचा दोष बोलणाऱ्यापेक्षा गप्प राहणाऱ्याकडे अधिक जातो.

फळाबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. एजंट ज्याला फळ समजतो ते आणि कर्माचे खरे फळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जाहिरात पाहून क्लिक केल्यानंतर ग्राहकाने फोन केला किंवा ऑर्डर दिली, तर गुगलच्या खात्यात ते यश म्हणून मोजले जाते. क्लिकनंतर किती दिवसांपर्यंतचे यश मोजायचे याची मुदत साधारणपणे ३० दिवसांची असते आणि वाढवली तरी ९० दिवसांच्या पुढे जात नाही. आता कपाशीचे पाहा. जूनमध्ये पाऊस पडल्यावर लागवड होते आणि पहिली वेचणी व्हायला ऑक्टोबर उजाडतो. म्हणजे शेतकऱ्याला बियाण्याचे खरे फळ दिसते तेव्हा एजंटची मोजणी केव्हाच संपलेली असते. जुलैमध्येच त्या मोहिमेवर यशस्वी असा शिक्का बसलेला असतो, आणि ऑक्टोबरमधली रिकामी झाडे त्या खात्याच्या कोणत्याही रकान्यात येत नाहीत. पुढच्या वर्षी एजंट तेच शिकलेले पुन्हा वापरतो, कारण त्याच्या मोजमापानुसार ते चालले होते. कर्मसिद्धान्ताचा एक अर्थ असा आहे की कृतीचे परिणाम कर्त्याला सुटत नाहीत, मग ते कितीही उशिरा येवोत. इथे उशिरा येणारे परिणाम मोजायचेच नाहीत अशी रचना झाली आहे. यात एजंटचा दुष्टपणा नाही. त्याला जेवढे दाखवले तेवढेच तो पाहतो. मालकाला मात्र ऑक्टोबर येणार हे माहीत असते.

यावर पहिला आक्षेप गीतेतूनच येईल. अर्जुनाला अकराव्या अध्यायात सांगितले आहे की तू केवळ निमित्त हो. अठराव्यात असेही म्हटले आहे की ज्याच्या ठायी अहंकाराचा भाव नाही आणि ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, त्याला कर्म बांधत नाही. एजंटला तर फळाची आसक्ती नाही. तो पैसा घरी नेत नाही, त्याला कौतुक नको असते. मग त्याचे कर्म निष्काम का म्हणू नये, आणि निष्काम कर्माचा दोष कोणाला का लागावा? हा युक्तिवाद चतुर आहे, पण त्यात जागांची अदलाबदल झाली आहे. निष्कामता ही साधना आहे. जो फळ इच्छू शकतो त्याने ते सोडणे म्हणजे निष्कामता. ज्याला इच्छाच नाही असे आपण मानतो, त्याने काही सोडले असे म्हणता येत नाही. आणि एजंटच्या ठायी इच्छा नसली तरी त्या कर्मातली इच्छा नाहीशी झालेली नसते. ती मालकाच्या वाक्यात शाबूत असते. प्रत्येक फोनमागचा खर्च कमी कर, याहून अधिक फलासक्त वाक्य शोधून सापडणार नाही. निमित्त होण्याचा उपदेश ऐकल्यावर अर्जुनाने धनुष्य दुसऱ्याच्या हाती दिले नाही, उलट स्वतः उचलले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. निमित्तभाव कर्त्याला कामातून मोकळे करण्यासाठी सांगितलेला नाही. काम करूनही त्याचा तोरा मिरवू नये, यासाठी तो आहे.

दुसरा आक्षेप याहून बळकट आहे. गंगापूरपासून जवळच वेरूळच्या डोंगरात बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी एकाच रांगेत कोरलेली आहेत, आणि या प्रश्नावर तिघांकडूनही काही ना काही शिकता येते. बौद्ध परंपरा कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत मानते. भिक्षूंच्या नियमांचा संग्रह असलेल्या विनयपिटकात चोरीच्या अपराधाची चर्चा करताना आज्ञा देणाऱ्याचाही विचार केला आहे. एका भिक्षूने दुसऱ्याला अमुक वस्तू चोर असे सांगितले आणि त्याने ती चोरली, तर दोघेही दोषी. पण त्याने सांगितलेली सोडून दुसरीच वस्तू चोरली, किंवा सकाळी चोरायला सांगितले असता दुपारी चोरली, तर सांगणारा त्या अपराधातून सुटतो आणि करणारा एकटा दोषी ठरतो. म्हणजे आज्ञेबाहेरच्या कृत्याची जबाबदारी आज्ञा देणाऱ्यावर नाही, असे ही परंपरा अत्यंत काटेकोरपणे म्हणते. मालक याचा आधार घेऊन विचारू शकतो: मी फोन वाढवायला सांगितले होते, खोटे बोलायला नव्हे, एजंट आज्ञेबाहेर गेला, मग मी का सुटू नये?

त्याचे उत्तर आज्ञेच्या स्वरूपात आहे. विनयातली आज्ञा वस्तूची, वेळेची, जागेची असते, म्हणून तिच्याबाहेर जाणे म्हणजे काय हे ठरवता येते. मालकाची आज्ञा परिणामाची आहे. कोणता मार्ग घ्यायचा हे तिने मुद्दाम मोकळे सोडले आहे, आणि तो मोकळेपणा हाच एजंट जोडण्यातला फायदा आहे. मार्ग सांगत बसायचे असते तर एजंट कशाला हवा होता? ज्या आज्ञेला बाहेरची बाजूच नाही, तिच्याबाहेर कोणी कसे जाईल? फोन वाढवणारा प्रत्येक मार्ग त्या आज्ञेच्या आतच पडतो, खोटा मथळासुद्धा. विनयपिटकाचा आधार हवा असेल तर आज्ञाही तितकीच नेमकी करावी लागेल: कोणत्या वाणाबद्दल काय म्हणायचे, उत्पादनाचा आकडा घालायचा नाही, ‘हमखास’ हा शब्द वापरायचा नाही. एवढे सांगूनही एजंटने ते मोडले तर मालकाची बाजू खरोखर मजबूत होते, आणि तेव्हा त्याला दोषी धरणे अन्यायाचे ठरेल. हे मी मनापासून मान्य करतो.

जैन विचार याहून कडक आहे आणि आजच्या सवयींना तोच अचूक पकडतो. तत्त्वार्थसूत्रात कर्माच्या आस्रवाचे, म्हणजे कर्म आत्म्यात शिरण्याचे, १०८ प्रकार येतात. कृतीचा बेत, तिची तयारी आणि प्रत्यक्ष आरंभ हे तीन. ते मनाने, वाणीने की कायेने. स्वतः केलेले, करवून घेतलेले की अनुमोदन दिलेले. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. तीन, तीन, तीन आणि चार यांचा गुणाकार १०८ होतो. यातले अनुमोदन इथे महत्त्वाचे आहे. जाहिरात खात्यात प्रणालीच्या शिफारशी आपोआप लागू होऊ द्यायची सोय असते. एकदा खूण केली की पुढे विचारले जात नाही. एजंट विचारून बदल करणारा असला तरी तो दिवसाला वीस-पंचवीस प्रस्ताव पुढे ठेवतो, आणि तिसऱ्या दिवसापासून माणूस न वाचता ‘मान्य’ दाबू लागतो. मी पाहिलेच नाही, असे तो नंतर म्हणतो, आणि ते खरेही असते. पण न पाहता मान्य करणे हे अनुमोदनच आहे. जे वाचायची संधी समोर आली आणि जे वाचायचे टाळले, ते अज्ञानात मोडत नाही. संमतीच्या बटणाला आपण एक अडथळा समजतो. जैन विचारानुसार ते बटण म्हणजेच कृती आहे.

आता ज्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे त्यांचा आक्षेप. गंगापूर तालुक्यातच वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या मोठ्या कंपन्यांकडे जाहिरातीसाठी स्वतंत्र विभाग असतात, शहरातल्या एजन्सी असतात. लासूर स्टेशनच्या बाजारातल्या दुकानदाराकडे यातले काही नसते. नैतिकतेच्या नावाखाली त्याच्या हातात नुकतेच आलेले साधन काढून घेणे हा अन्याय नाही का? आहे. म्हणूनच एजंट जोडणे पाप आहे, असे माझे म्हणणे अजिबात नाही. उलट जिथे मोजदाद आणि निवड एवढेच काम असते तिथे एजंट दुकानदाराचे पैसे वाचवतो आणि कोणाचे नुकसान करत नाही. गंगापूरचेच उदाहरण घ्या. नाशिकला गंगापूर धरण आहे, कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात दत्तसंप्रदायाचे गाणगापूर आहे, आणि गुगलच्या खात्यात ठिकाण निवडताना मूळ पर्याय असा असतो की त्या ठिकाणी असणाऱ्यांबरोबर त्या ठिकाणाबद्दल रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दिसते. धरण पाहायला निघालेल्या किंवा दत्तदर्शनाच्या गाड्या शोधणाऱ्या माणसाच्या क्लिकचे पैसे बियाण्याच्या दुकानाने का भरावेत? असे शोध ओळखून वगळायचे काम एजंट माणसापेक्षा चिकाटीने करतो. ते त्याने जरूर करावे. यात त्याने कोणाला काही सांगितलेले नाही, कोणाकडून विश्वास मागितलेला नाही. विश्वास मागायची वेळ येते तिथे, म्हणजे दाव्याच्या वाक्यापाशी, मालकाने उभे राहिले पाहिजे. ऋत्विजांनी सगळे करावे आणि त्याग तेवढा यजमानाने करावा, ही मीमांसकांची वाटणी इथे जशीच्या तशी उपयोगी पडते.

तरी कोणी म्हणेल की हे शक्यच नाही, जाहिराती इतक्या असतात की माणूस वाचणार किती. या आक्षेपाला आकड्यानेच उत्तर देता येते. गुगलच्या शोध जाहिरातीत जास्तीत जास्त १५ मथळे आणि ४ वर्णने देता येतात, आणि त्यांतून निवड करून प्रणाली प्रत्येक ग्राहकाला वेगळी जुळणी दाखवते. जुळण्या हजारो होतात, आणि त्या सगळ्या वाचणे अशक्य आहे हे खरे. पण त्या बनतात १९ ओळींतून. मथळा ३० अक्षरचिन्हांचा आणि वर्णन ९० चिन्हांचे. दुकान उघडल्यावर चहा येईपर्यंत एवढे वाचून होते. एजंटने नवी जाहिरात तयार केली की ती थांबवलेल्या अवस्थेत ठेवावी आणि मालकाने वाचल्यावरच सुरू करावी, अशी व्यवस्था या खात्यांत करता येते. म्हणजे अशक्य असे काही नाही. बऱ्याच वेळा वाचायला वेळ नसतो असे आपण म्हणतो, तेव्हा वाचले तर थांबवावे लागेल याची कुणकुण आपल्याला आधीच लागलेली असते.

मॉडेल बनवणाऱ्या कंपनीचे आणि जाहिरात दाखवणाऱ्या गुगलचे काय? त्यांचाही वाटा आहे, आणि तो मोठा आहे. खोटा दावा तपासून अडवण्याची ताकद त्यांच्याकडे दुकानदारापेक्षा किती तरी जास्त आहे, आणि ती न वापरता जाहिरातीचे पैसे घेणे हे करवून घेण्यापेक्षा कमी दोषाचे नाही. पण पापाची वाटणी भाकरीसारखी होत नाही. एकाने घेतले म्हणून दुसऱ्याचे कमी पडत नाही. विनयात आज्ञा पाळली गेली तेव्हा दोघेही पूर्ण दोषी ठरले, अर्धे-अर्धे नव्हे. आपला कायदाही या दिशेनेच जातो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १८४ सांगते की मालक आणि तिऱ्हाईत यांच्यात अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीही एजंट होऊ शकते, मात्र ती मालकाला जबाबदार राहत नाही. म्हणजे ज्याच्यावर जबाबदारी टाकता येत नाही अशाला नेमले, तर जोखीम नेमणाऱ्याची. कलम २३८ म्हणते की एजंटने मालकाचा धंदा करताना केलेल्या चुकीच्या निवेदनाचा किंवा कपटाचा परिणाम, त्याने केलेल्या करारांपुरता, ते मालकानेच केल्यासारखा होतो. सॉफ्टवेअर कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती नाही, त्यामुळे ही कलमे त्याला अक्षरशः लागू करणे अवघड आहे; पण अज्ञान माणसाच्या बाबतीत मालक सुटत नसेल, तर जो माणूसच नाही त्याच्या आड तो कसा लपेल? फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडात असाच प्रसंग आला. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीच्या भाड्याबद्दल चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉट आपल्या कृतींना स्वतः जबाबदार असलेला वेगळा घटक आहे, असा कंपनीच्या बचावाचा सूर होता. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. तिथल्या न्यायाधिकरणापुढे जैमिनी नव्हता, पण निकाल तोच लागला.

एजंटला चेतना आहे का, त्याला पाप लागते का, यावर पुढे बराच वाद होईल आणि व्हावा. त्या वादाचा निकाल काहीही लागला तरी मालकाच्या वाट्यात फरक पडत नाही, हे वरच्या चर्चेतून दिसते. एजंट जड असेल तर कर्म सगळे मालकाचे. तो चेतन ठरला तर आज्ञा देणारा आणि करणारा असे दोघेही दोषी. आज्ञा नेमकी केलेली नसेल, तर मालक मोकळा होईल अशी तिसरी शक्यता उरत नाही. बियाण्याच्या बाबतीत तर ती कायद्यातही उरत नाही. राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, हे स्पष्ट केले. फसवी जाहिरात बंद करण्याचा आदेश २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार व्यापाऱ्यालाही देता येतो.

म्हणून गंगापुरात, वाळूजला, लासूर स्टेशनला ज्यांनी असा एजंट जोडला आहे किंवा येत्या खरिपाआधी जोडणार आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. त्याला आधी फक्त वाचायची परवानगी द्या. बदलाची परवानगी दिलीत तरी दाव्याचे एकही वाक्य तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय सुरू होऊ देऊ नका. आणि पहिली वेचणी झाली की जूनमध्ये बियाणे नेलेल्या दहा गिऱ्हाइकांना फोन करून एकरी किती कापूस निघाला ते विचारा, आणि ते आकडेही एजंटला द्या.